बिनशेपटीचा उंदीर

सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट ऐकल्यावाचून मराठी घरातले मूल सहसा मोठे होत नाही. सवंगडी चिडवतात म्हणून तो बिचारा एकेक शेपटी कापून घेतो, आणि अखेरची शेपटी गेल्यावर पाहतो तो काय, चिडवणे चालूच! संगणकाच्या उंदराचे नशीब याहून बरे. त्याला शेपटी एकच होती. तीही त्याने टाकली आणि उलट त्याचा भाव वधारला. दिवाळीच्या खरेदीला कोल्हापुरातल्या कोणत्याही संगणकाच्या दुकानात जा. माऊस म्हटल्याबरोबर काउंटरवरचा पोरगा पहिले हेच विचारतो, "वायरचा देऊ, का वायरलेस?" आणि चार पैसे जास्त पडले तरी आपण दुसराच उचलतो.

उचलतो खरा, पण तो चालतो कसा, हे विचारायचे राहून जाते. या सदराच्या एका वाचक भगिनीने मात्र ते विचारले आहे. त्या लिहितात, "तार नाही, तर माझ्या हाताची हालचाल पडद्यावरच्या बाणाला कळते कशी? आणि एखाद्या दिवशी ती मुळीच कळत नाही, ते का?" प्रश्नाचा पहिला भाग कुतूहलाचा आहे, दुसरा संसाराचा. दोन्हींची उत्तरे एकाच ठिकाणी मिळतात. जिवंत प्राण्याबद्दल आपण विचारतो, की तो पाहतो कसा, बोलतो कसा आणि खातो काय. या निर्जीव उंदराबद्दलही तेच विचारू या.

तत्पूर्वी त्याची थोडी वंशावळ. १९६४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या त्यांच्या सहकाऱ्याने एक लाकडी ठोकळा तयार केला. त्याच्या पोटाखाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन धातूची चाके होती आणि पाठीवर एकच बटण. एक चाक आडवी चाल मोजी, दुसरे उभी. ठोकळ्यातून लांब तार निघे, तीवरून त्याला उंदीर हे नाव पडले. आणि आपणही त्याला माऊसच म्हणत राहिलो. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत एंगेलबार्ट यांनी तो भरसभेत चालवून दाखवला. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. १९९० च्या सुमारास ज्यांनी संगणक हाताळला त्यांना ती जड रबरी गोळी आठवत असेल. महिन्याकाठी माऊसचे पोट उघडायचे, गोळी पुसायची आणि आतल्या दांड्यांवर बसलेला मळ नखाने खरवडून काढायचा, हा कचेरीतला एक नित्यविधीच होता.

चाके असोत की गोळी, तो उंदीर आंधळा होता; चाचपडत चालायचा. साध्या टेबलावर पाहू शकणारे डोळे त्याला १९९९ च्या सुमारास फुटले. त्याआधी, १९८० च्या सुमारास, प्रकाशावर चालणारे माऊस निघाले होते; पण त्यातल्या काहींना रेघा आखलेली खास पाटीच खाली लागे. आता आपल्या घरातला माऊस उताणा करून पाहा. पोटाला एक लहानशी खिडकी दिसेल. त्या खिडकीत तीन वस्तू असतात: एक चिमुकला दिवा, एक भिंग आणि भिंगामागे एक डोळा, म्हणजे अगदी बारका कॅमेरा.

यातली खरी गंमत दिव्याच्या जागेत आहे. तो टेबलावर सरळ उभा प्रकाश टाकत नाही, तिरपा टाकतो. का, ते कोल्हापूरकरांना सांगायला सोपे आहे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना, दिवाळीच्या आगेमागे, अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. त्या वेळी, नाहीतर कोणत्याही संध्याकाळी, ऊन जमिनीला टेकू लागले की दगडी फरशीकडे बघावे. दुपारी जी फरशी सपाट दिसत होती तिच्यावरचा एकेक खड्डा, एकेक सांधा, टाकीचा एकेक घाव आपापली लांब सावली घेऊन उठून दिसतो. फळी रंधून झाल्यावर सुतार ती उजेडाकडे तिरपी धरून एक डोळा मिटून पाहतो, तेही याचसाठी. आपल्याला गुळगुळीत वाटणारे टेबल, पुठ्ठा किंवा कागद तिरप्या उजेडात पाहिला तर डोंगरदऱ्यांचा मुलूख असतो. माऊसचा डोळा त्या मुलखाची छायाचित्रे घेतो.

किती घेतो? साध्या माऊसमध्येसुद्धा सेकंदाला सुमारे १५००. चित्र मात्र अगदी गरिबाघरचे असते. एका साध्या प्रकारच्या डोळ्यात १८ ओळी आणि प्रत्येक ओळीत १८ ठिपके, म्हणजे सारे मिळून ३२४ काळे-करडे ठिपके. एवढ्यात माणसाचा चेहरासुद्धा धड ओळखू येणार नाही. पण माऊसला कोणाला ओळखायचे नसतेच. त्याला एवढेच पाहायचे असते, की मघाच्या चित्रातली नक्षी आताच्या चित्रात किती ठिपके कोणीकडे सरकली. कोल्हापूर-मिरज गाडीत खिडकीशी बसले की झाडे मागे पळताना दिसतात, आणि त्यावरून आपण पुढे चाललो हे कळते. झाड आंब्याचे की बाभळीचे, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. माऊसचे नेमके तसेच आहे. जमिनीची नक्षी डावीकडे सरकली, तर आपण उजवीकडे गेलो. ज्या माऊसवर १००० हा आकडा लिहिलेला असतो तो एक इंचाच्या चालीचे १००० भाग मोजतो. एक भाग पाव मिलिमीटरचाही दहावा हिस्सा झाला. डोक्यावरचा केसही त्याहून जाड असतो.

आता त्याच गाडीच्या खिडकीबाहेर दाट धुके पडले आहे असे समजा. झाड नाही, खांब नाही, सगळीकडे सारखेच पांढरे. गाडी चालली की थांबली, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येईल काय? माऊसवर अशी पाळी आली म्हणजे काय होते, ते मी आमच्या शेजारी पाहिले.

आमच्या पेठेत एक निवृत्त गुरुजी राहतात. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला. फळ्यावर वळणदार अक्षर काढण्यात जन्म गेलेला तो हात. नातवाने संगणक मांडून दिला, माऊसच्या डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल करून दिली, आणि गुरुजी डाव्या हाताने, पडद्यावर मांडलेल्या अक्षरांतून एकेक अक्षर टिपत, बेंगळुरूला दिलेल्या लेकीला रोज चार ओळींचे पत्र लिहू लागले. चार ओळींना तास लागे. पण त्या तासात त्यांच्या घरी कोणी मोठ्याने बोलत नसे.

गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर ही पत्रे थांबली. लेकीचा फोन आला की गुरुजी "डोळे दुखतात" म्हणून वेळ मारून नेत. एक दिवस काकू आमच्या दाराशी आल्या. "भावजी, ह्यांचा डावा हातबी चालला की काय वो? आठ दिवस झालं, बाण एका जागी ठरंना. रात्री उठून हात पुढं धरून बघत बसत्यात." डॉक्टर येऊन गेले होते, हात चांगला असल्याचे सांगूनही गेले होते. पण डॉक्टर धीर द्यायला तसे बोलतात, असे गुरुजींनी मनाशी ठरवून टाकले होते.

मी जाऊन पाहिले. हात स्थिर होता, बाण मात्र माशीसारखा उडत होता. घरात नवे काय झाले म्हणून विचारले, तर दिवाळीची साफसफाई! सूनबाईंनी टेबलावर जाड काच बसवून घेतली होती, काचेखाली नातवंडांचे फोटो मांडले होते, आणि ओल्या वर्तमानपत्राने ती काच आरशासारखी लख्ख केली होती. माऊसच्या भिंगाला आपल्या पोटाखालचे दोन-अडीच मिलिमीटरवरचेच नीट दिसते. त्या अंतरावर होती स्वच्छ काच, म्हणजे धुके. फोटो होते त्याच्या खाली, जाड काचेपलीकडे. ते त्याला अंधुकच दिसणार. पूर्वी उघड्या लाकडावर तो सुरेख चालत होता. आता नक्षीच सापडेना, म्हणून जे दिसेल त्यावरून तो अंदाज बांधत होता, आणि ते चुकीचे अंदाज गुरुजींच्या हाताच्या नावावर जमा होत होते.

कपाटातल्या जुन्या वहीचा पुठ्ठा काढून मी माऊसखाली ठेवला. "गुरुजी, आता बघा." त्यांनी बाण पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नेला. परत आणला. मग पुठ्ठा स्वतःच काढला. बाण उडू लागला. पुन्हा ठेवला, बाण थांबला. वर्गात प्रयोग दाखवावा तसे त्यांनी हे तीनदा केले आणि मग म्हणाले, "म्हणजे हात अजून माझाच आहे." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. त्या रात्री बेंगळुरूला चारांच्या सात ओळी गेल्या.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण मुलांना नेहमी ऐकवतो. ती खोटी नव्हे. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते, हेही मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांगायला हवे. वयस्कर माणसे यंत्रापुढे बसली की बिघडेल त्याचा दोष आधी स्वतःकडे घेतात. घरातल्या तरुणांनी "तुम्हाला जमत नाही" असे म्हणण्यापूर्वी एकदा अंगण पाहावे. काच, आरसा, चकचकीत काळा ग्रॅनाइट ही माऊसची वाकडी अंगणे. कागद, पुठ्ठा, कापड, साधे लाकूड ही सरळ. काचेवरचे धुळीचे कण आणि ओरखडे हेरून चालणारे माऊस २००९ पासून मिळतात, पण ते महाग. वहीचा पुठ्ठा फुकट आहे. शिवाय खिडकीत केस किंवा कापूस अडकला तरी बाण उडतो; तेव्हा आधी एक फुंकर मारावी.

पाहणे झाले, आता बोलणे. माऊसने चाल मोजली, ती संगणकाला सांगायची कशी? १९८० च्या दशकात अदृश्य, अवरक्त प्रकाशाचा उपयोग करून पाहिला गेला, आपल्या टीव्हीच्या रिमोटसारखा. पण मध्ये चहाचा कप आला की बोलणे तुटे. १९९१ साली लॉजिटेक या मूळच्या स्विस कंपनीने रेडिओ लहरींवर चालणारा माऊस बाजारात आणला आणि कपाची अडचण संपली. आपल्या माऊसच्या पोटात आज एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र असते, आणि संगणकाला खोचायचा नखाएवढा डोंगल हा त्याचा श्रोता. मध्यम लहरींवरचा जुना रेडिओ घेतला, तर त्यातली लहर सेकंदाला सुमारे १० लाख वेळा थरथरते आणि ३०० मीटर लांब असते. माऊसची लहर सेकंदाला २४० कोटी वेळा थरथरते आणि तिची लांबी साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे वितीहूनही कमी. शक्ती एखाद-दोन मिलिवॅट. आवाज खोलीभर पोचला म्हणजे झाले.

माऊसचा निरोप पोस्टकार्डासारखा आटोपशीर असतो: कोणते बटण दाबले, आडवे किती सरकलो, उभे किती, चाक फिरले काय. बहुतेक माऊस असे निरोप सेकंदाला १२५ वेळांपर्यंत देऊ शकतात. प्रत्येक निरोपावर त्या डोंगलचा पत्ता असतो. म्हणून एकाच कचेरीत दहा माऊस असले तरी एकाच्या हालचालीने दुसऱ्याचा बाण हलत नाही. वाण्याच्या यादीखाली बेरीज असावी तशी निरोपाखालीही एक बेरीज असते. डोंगल ती पुन्हा करून पाहतो. जुळली नाही तर वाटेत काही बिघडले असे समजून निरोप टाकून देतो. जुळली तर पोच देतो. पोच आली नाही की माऊस तोच निरोप पुन्हा धाडतो. रजिस्टर्ड पत्र आणि त्याची पोचपावती, हा सारा व्यवहार डोळ्याचे पाते लवण्याच्या आत कित्येकदा उरकतो.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. ती पद्धत १९८० च्या दशकात गेली. माऊस तर ऐकत नाही, प्रक्षेपणच करतो. मग त्याला परवाना कसा लागत नाही? कारण २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी आपल्या सरकारने २००५ साली परवान्यातून मुक्त केला. बिनटोलचा रस्ता म्हटल्यावर गर्दी आलीच. घरातले वाय-फाय, ब्लूटूथ, शेजारच्यांचे वाय-फाय, एवढेच काय, स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा याच पट्ट्यात. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी महाद्वार रोडवर जशी वाट काढावी लागते, तशीच माऊसच्या निरोपाला काढावी लागते.

वाट काढण्याची एक युक्ती म्हणजे एका ठिकाणी न थांबणे. मूळचे ब्लूटूथ आपला पट्टा ७९ गल्ल्यांत वाटून घेते आणि सेकंदाला १६०० वेळा गल्ली बदलते. दोघांनाही पुढची गल्ली आधीच ठाऊक असते, म्हणून चुकामूक होत नाही. अशा उड्यांची एक योजना दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत पेटंट झाली होती. पाणतीराला दिलेला रेडिओ हुकूम शत्रूला बिघडवता येऊ नये, हा तिचा हेतू. पेटंट घेणारे दोघे कोण? हॉलिवूडची त्या काळची गाजलेली नटी हेडी लामार आणि जॉर्ज अँथाइल नावाचा संगीतकार! पियानोला ८८ पट्ट्या, म्हणून त्यांनी जागाही ८८ च धरल्या. तेव्हा आरमाराने ती योजना वापरली नाही. सिनेनटीला रूपापलीकडे काही असते, हे मान्य करायला जगाला वेळ लागतो.

माऊस अडखळू लागला तर या रस्त्यावरचे अडथळेही तपासावे. लोखंडी टेबलाखाली, भिंतीकडे तोंड केलेल्या संगणकाच्या पाठीला डोंगल खोचला असेल, तर पत्रा लहरी अडवतो. तो पुढच्या बाजूला आणावा. दुसरे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. संगणकाच्या ज्या यूएसबी खाचेत निळी पट्टी दिसते ती बहुधा वेगवान प्रकारची असते, आणि तिला जोडलेली हार्ड डिस्क काम करताना याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. शेजारच्याच खाचेत डोंगल असेल तर त्याला ऐकू कसे येणार? त्याला दूरच्या खाचेत हलवावे, किंवा हातभर जोडवायरीने बाजूला घ्यावे. नवा माऊस आणण्यापूर्वी एवढे करून पाहायला खर्च नाही.

हवेतले बोलणे परक्याच्या कानावर जाईल काय, ही शंका रास्त आहे. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की डोंगलवर चालणाऱ्या कित्येक माऊस-कीबोर्डांच्या डोंगलला परका माणूस दुरून खोटी अक्षरे ऐकवू शकतो, जणू ती घरच्यांनीच टंकली. पुढे काही कंपन्यांनी सुधारणा केल्या. भिण्याचे कारण नाही, पण बँकेचे व्यवहार घरून करणाऱ्यांनी निदान कीबोर्ड तरी गुप्तलिपीची सोय असलेला घ्यावा, आणि उठताना संगणक बंद किंवा कुलूपबंद करावा. डोंगल हरवला तर बहुतेक स्वस्त माऊस निकामीच होतात, कारण दोघांची जोडी कारखान्यातच जमवलेली असते. माऊसच्या पोटात डोंगल ठेवायचा कप्पा असतो. प्रवासात तो वापरावा.

राहता राहिले खाणे. शेपटीबरोबर वीजही गेली, म्हणून हा उंदीर शिदोरी बांधून फिरतो: एक किंवा दोन पेन्सिल सेल. सेल महिनोगणती पुरतो, कारण माऊस पक्का झोपाळू आहे. क्षणभर हात थांबला की तो डुलकी घेतो, मिनिटे गेली की गाढ झोपतो. चहा पिऊन आल्यावर पहिल्या हालचालीला बाण किंचित रेंगाळतो, तो बिघाड नव्हे. गडी जागा होत असतो. तसेच, पुष्कळ बिनतारी माऊसमध्ये तांबड्या दिव्याऐवजी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा दिवा असतो, कारण तो वीज कमी खातो. दिवा दिसत नाही म्हणून माऊस मेला, असे समजून टाकू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जायचे असेल तर सेल काढून ठेवावे. जुना सेल आत पाझरला की पांढरी पूड धरते आणि पितळी पट्ट्या खाते. आणि संपलेले सेल कचऱ्यात किंवा, या दिवसांत पोरांना हौस असते म्हणून सांगतो, शेकोटीत कदापि टाकू नयेत; ते फुटतात. डब्यात साठवून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींना आता त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्रमाने देता येईल. बाण चालेनासा झाला तर आधी खालचे अंगण पाहा, मग खिडकीतला केस, मग डोंगलची जागा, मग सेल. चारही तपासून झाल्यावरच दुकानात जा. पुढील खेपेस, दुसऱ्या एका वाचकांनी विचारल्याप्रमाणे, बोटाने चालणारा काचेचा पडदा ओल्या हाताला का दाद देत नाही, ते पाहू. तोवर सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.